पुरेसं कारण

१४ जानेवारी

वहिनीबाई,

फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो. कागदावर निदान मुद्देसूद भांडतो, म्हणून हा कागद.

पाण्याच्या टाकीमागच्या वसाहतीचा निकाल अकरा तारखेला लागला. तुला खटला थोडाफार माहीत आहे. एकतीस घरं. नगरपालिकेला जागा रस्त्यासाठी हवी. त्यांनी दारांवर नोटिसा चिकटवल्या, सात दिवसांत हरकत घ्या म्हणून. घरातली माणसं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला. उजाडायच्या आत जातात, अंधार पडल्यावर येतात. खळ पिठाची होती, त्यामुळे निम्म्या नोटिसा शेळ्यांनीच खाल्ल्या. सात दिवस संपले, हरकत आली नाही, म्हणजे संमती. घटना म्हणते, माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याचं काही हिरावून घेऊ नका. नगरपालिका म्हणते, नोटीस चिकटवली म्हणजे विचारलं. एवढाच वाद, आणि त्यावर मी दोन दिवस बोलले.

लघुलेखक सांगत होता की न्यायालयाने माझा युक्तिवाद चार पानं भरून उतरवून घेतलाय. चार पानं कुणाची घेत नाहीत इथे. बाकी सविस्तर नक्कल हातात आली की.

तुझं 'समासातलं' दर रविवारी वाचते. वाचावंच लागतं, कारण सोमवारी बाररूममध्ये पाय ठेवला की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही त्या स्तंभवाल्या बाईंच्या नणंद ना?" एकोणीस वर्षं झाली या कोर्टात झगा घालून, आणि माझी ओळख काय, तर तुझी नणंद. मी म्हणते, हो, आणि कॉलेजात ती माझ्या बाकावर बसायची. हे दुसरं वाक्य कुणी ऐकत नाही.

दादाला सांग, रक्तदाबाची गोळी विसरू नकोस म्हणावं.

तुझी नणंद, पण आधी बाकावरची


२० जानेवारी

वन्सं,

आजचं कात्रण सोबत जोडलंय. तुझ्या गावात अंक पोचतो हे माहीत आहे, तरी माझ्या हातून मिळावं म्हणून.

अभिनंदन. निकालाची प्रत मला इथल्या एका ओळखीच्याकडून मिळाली आणि त्याच दिवशी लेख लिहून टाकला. ते एक वाक्य वाचलं आणि दुसरं काही सुचेना. "भिंतीला कान असतात असं म्हणतात, म्हणून दाराला डोळे असतील असं शासनाने धरून चालू नये." न्यायालयाने इतक्या घरगुती भाषेत शासनाला ठणकावणं आपल्याकडे विरळाच. तेच मथळ्यात घेतलं, 'दाराला डोळे नसतात: न्यायालयाने सांगितलेली घटना'. संपादकांनी लेख आतल्या पानावरून उचलून पहिल्या पानाच्या खाली नेला. असं बारा वर्षांत दोनदाच झालंय.

तुझं नाव मुद्दाम घातलं नाही. घरचं माणूस म्हणून वाचकांना वशिला वाटला असता. समजून घेशील.

तुझा भाऊ जेवताना लेख मोठ्याने वाचत होता. "आमच्या ताईचा खटला," असं तीनदा म्हणाला. लेख माझा आहे असं एकदाही नाही. असो. गोळी घेतो.

वहिनी


२३ जानेवारी

प्रिय वहिनी,

लेख वाचला. काय सुरेख उतरलाय. एकही शब्द बदलू नकोस, पुस्तकात घेशील तेव्हा असाच्या असा घे. कायद्याचं ज्ञान, भाषेचा डौल आणि छातीठोकपणा एकाच ठिकाणी सापडणं कठीण, ते तुझ्या ठायी आहे. आमच्यासारख्यांनी कोर्टात घसा कोरडा करायचा आणि अर्थ तुम्ही लोकांना समजावून सांगायचा, ही वाटणी झालीच आहे, आणि ती योग्यच आहे.

नाव घातलं नाहीस ते उत्तम केलंस.

आपले कॉलेजातले ते 'चष्मा' सर अजून संपादकांना पत्रं लिहितात का? निवृत्त झाले तरी दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम त्यांनी सोडलं नसेल. त्यांनी वाचला का लेख? काही म्हणाले तर कळव. त्यांचं मत मला नेहमीच मोलाचं वाटतं.

बाकी ठीक. थंडी आहे.

तुझी


२८ जानेवारी

वन्सं,

तुझं पत्र इतकं गोड होतं की मी ते दोनदा वाचलं. तू माझं कौतुक करतेस तेव्हा मला आधी माझ्या पदराकडे बघावंसं वाटतं, कुठे पेटलाय का म्हणून. पण मग वाटलं, जिंकलेल्या माणसाला उदार होणं परवडतं.

'चष्मा' डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेलेत, महिनाभर वाचन बंद. तेव्हा त्यांचं मत काही मिळणार नाही.

लेख खूप फिरतोय. कायदा सुधारणा समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून माझं नाव चर्चेत आहे असं संपादकांनी सांगितलं. अजून नक्की काही नाही, पण तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ज्याच्या नावाला मुळात कुणी विचारत नाही त्यालाच ही हौस असते, असं तू मनात म्हणशील. म्हण.

आणि हे बघ, सोबत एक कार्ड पाठवतेय. तुमच्या वसाहतीतल्या शिलाईवाल्या मावशींनी वर्तमानपत्राच्या पत्त्यावर लिहिलंय. "बाई, तुमचा लेख मी टाकीपाशी सगळ्यांना वाचून दाखवला. कोर्टाने आमचं ऐकलं हे तुमच्यामुळे कळलं. आता घराची काळजी मिटली. आमच्यातले सहा जण बायकामुलं घेऊन बाहेरगावी कामाला गेले, मी पण लेकीच्या बाळंतपणाला निघाले. महिनाभराने येईन." मला आजवर आलेल्या पत्रांत हे मी वर ठेवणार आहे. पण ते खरं तर तुझं आहे, म्हणून पाठवते.

वहिनी


३१ जानेवारी

सौ. वहिनींस,

हे पत्र कुरिअरने पाठवत आहे. फोन केला असता तर तोंडातून काय गेलं असतं ते सांगता येत नाही. शिवाय हे लेखी असलेलं बरं.

आपण निकालाचा परिच्छेद बारा वाचावा. त्याची सुरुवात अशी आहे: "अर्जदारांच्या वकिलांनी पुढीलप्रमाणे म्हणणे मांडले." ते म्हणणं परिच्छेद सोळापर्यंत चालतं. आपण मथळ्यात घेतलेलं वाक्य परिच्छेद चौदातलं आहे. ते न्यायालयाचं नाही, माझं आहे. न्यायालयाने ते उतरवून घेतलं ते फेटाळण्यासाठी.

आता परिच्छेद एकतीस वाचावा. "नियमात 'चिकटवावी' असे आहे, 'वाचून दाखवावी' असे नाही. नियमात जे नाही ते न्यायालयाने घालू नये." पुढे: अर्ज नामंजूर. अपिलासाठी तीस दिवस घरांना हात लावू नये.

आम्ही हरलो आहोत, वहिनी. अपिलाची मुदत दहा फेब्रुवारीला संपते. प्रत्येक घराचा अर्ज वेगळा होता, त्यामुळे प्रत्येक घराची सही वेगळी लागते. आणि आपल्या लेखामुळे सात घरांना कुलपं लागली आहेत. मावशींच्या लेकीचं गाव कुणाला माहीत नाही. कायद्याचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा वकिलाचं म्हणणं आणि कोर्टाचा निर्णय यांतला फरक ओळखतो. आपण समितीवर जाणार म्हणे.

दुरुस्ती ताबडतोब, आणि लेख होता त्याच जागी छापावी. कुठल्या तरी खेड्यात मावशी कदाचित अंक बघतील.

कळावे.


२ फेब्रुवारी

वन्सं,

दुरुस्ती आज आली आहे, पहिल्या पानावर, चौकटीत. "मी निकाल पुरता न वाचता लिहिलं. न्यायालयाने अर्ज फेटाळले आहेत. उद्धृत केलेलं वाक्य हरलेल्या बाजूच्या वकिलाचं आहे." खाली तुझं नाव आहे, आणि अपिलाची शेवटची तारीख ठळक अक्षरांत. संपादक म्हणाले, "एवढं स्वतःला कोसायची गरज नाही." मी म्हटलं, छापा. समितीचा विषय संपला. तो निरोप मात्र एका दिवसात आला.

आता ऐक. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळतं ते मला का कळलं नाही, हे तुला सांगणं भाग आहे.

ते वाक्य तुझं आहे हे मला पहिल्याच वाचनात कळलं होतं. अशी वाक्यं दुसरं कोण करतं? कॉलेजात वादविवादाला मी लिहून द्यायचे, तू बोलायचीस, आणि टाळ्या नेहमी तू जागेवर सुचून घातलेल्या वाक्याला पडायच्या. सनद मिळाल्यावर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा न्यायाधीशांनी साधी पुढची तारीख कोणती हवी म्हणून विचारलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. लोक समजतात मी लेखनासाठी वकिली सोडली. मी तशी समजूत राहू दिली. तुझ्या भावालासुद्धा.

तर निकाल वाचताना चौदाव्या परिच्छेदाशी आले आणि वाटलं, न्यायालयाने हिचं वाक्य उचललं. हिच्या शब्दांत निकाल दिला. एकोणीस वर्षं उभी राहिली आणि शेवटी हे मिळवलं हिने. तू पत्रात लिहिलंसही होतंस, चार पानं घेतली म्हणून. पुढची पानं वाचवेनात. तुझा विजय एकतीस परिच्छेद बघत बसायची ताकद नव्हती. मी कागद मिटला आणि लिहायला घेतलं. लिहिताना ते वाक्य न्यायालयाचं म्हणून टाकलं, म्हणजे निदान वाचणाऱ्यांना तरी ते तुझं आहे हे कळू नये. वशिल्याचं कारण मागाहून शोधलं.

मी जळले, वन्सं. आणि चुकले ते जळल्यामुळे.

आता एक विचारते, वाईट वाटून घेऊ नकोस, की घे. निकाल तुला अकरा तारखेपासून माहीत होता. लेख वीस तारखेला वाचलास. तेवीसला लिहिलंस, "एकही शब्द बदलू नकोस." आणि 'चष्म्यां'ची इतकी आठवण काढलीस. तू एकतीस तारखेपर्यंत कशाची वाट बघत होतीस?

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

बावीस दिवस उत्तर दिलं नाही. पहिले आठ दिवस वेळ नव्हता, नंतरचे चौदा तोंड नव्हतं.

आधी कामाचं. तुझी दुरुस्ती घेऊन मी दारोदार फिरले. चोवीस घरांच्या सह्या मुदतीत झाल्या, अपील दाखल झालं, त्यांच्या घरांना स्थगिती आहे. सात राहिली. त्यातली सहा धुलाईखान्याच्या मुकादमाने शोधून काढली, ती सोळाला आली. मावशी एकवीसला आल्या, नातू झालाय. बसमधून उतरून सरळ माझ्याकडे आल्या, अभिनंदन करायला. मी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं. त्यांनी पिशवीतून लेखाचं कात्रण काढलं, घडी केलेलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेल्या. त्यांच्या दारावर आता नगरपालिकेचा नवा कागद आहे, एकतीस मार्चपर्यंत घर रिकामं करा. या वेळी डिंकाने चिकटवलाय.

आता तुझा प्रश्न.

वीस तारखेला सकाळी अंक उघडला, मथळा वाचला, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. रागाआधी आनंद झाला. बारा वर्षं जिची एक रेघ चुकली नाही ती पहिल्या पानावर तोंडघशी पडली आणि तिला अजून माहीत नाही. त्या दिवशी मी मावशींकडे जाऊन खरं सांगितलं असतं, तर त्यांनी त्या क्षणी वर्तमानपत्राला फोन केला असता. सोमवारी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली असती आणि प्रकरण मिटलं असतं. मला ते मिटायला नको होतं. मला 'चष्म्यां'चं पत्र हवं होतं, संपादकांच्या नावे, मोठं. बाररूममध्ये कुणीतरी विचारावं, "काय हो, तुमच्या वहिनींनी हे काय केलं?" आणि मी खांदे उडवावेत, एवढंच हवं होतं.

पक्षकारांना मी सांगितलं होतं, नक्कल आली की निकाल समजावते. नक्कल अठरालाच आली होती. ती खणातच पडून होती, वीसपासूनचे अकरा दिवस तर जाणूनबुजून. मी हरले हे तुला चौदा तारखेला लिहिलं नाही तेही त्याच रोगाने. दादाने माझं नाव तीनदा घेतलं हे वाचून किती बरं वाटलं होतं, तुला कल्पना नाही.

आता सात घरांसाठी विलंबमाफीचा अर्ज. तुला नियम माहीत आहे, उशिराला 'पुरेसं कारण' लागतं आणि दिवस न् दिवस समजावून सांगावा लागतो. मावशींचे दिवस तुझ्या लेखाने समजावता येतात. माझे अकरा कशाने समजावू?

ताई नाही, वन्सं नाही, नुसती मी


२७ फेब्रुवारी

ए वेडे,

उलट टपाली लिहितेय. मी तुझ्यावर चिडले आहे आणि ते चिडणं पुढच्या पत्रात येईल, आता वेळ नाही.

'प्रकृती अस्वास्थ्य' लिही. सगळे लिहितात. डॉक्टरचा दाखला मिळेल. नाहीतर सगळं माझ्या लेखावर टाक, मी शपथपत्र करून देते की वाचकांची दिशाभूल झाली ती पूर्णपणे माझ्यामुळे. माझं जे जायचं ते गेलंच आहे. तू खरं लिहिलंस तर तुझी सनद जाईल. तुझ्याकडे दुसरं आहे काय? लिहिणारा कुठेही बसून लिहितो. उभं राहणाऱ्याला उभं राहायला जागा लागते.

आणि कायद्याच्या दृष्टीनेही बघ. पक्षकारांना कळायला उशीर झाला एवढं पुरेसं आहे. वकिलाच्या मनात काय होतं हे कोण विचारतंय?

तुझा भाऊ विचारतोय, दोघींचं काय चाललंय. मी म्हटलं, घटनात्मक प्रश्न आहे.

वहिनी


२९ मार्च

वहिनी,

तुझं शपथपत्र मिळालं होतं. ते लावलं नाही, रागावू नकोस. तुझा लेख आणि तुझी दुरुस्ती लावली, तेवढं खरं आहे.

'प्रकृती अस्वास्थ्य' मी टाइप केलं होतं. खाली सही करायला पेन उघडलं आणि लक्षात आलं, नगरपालिकेने हेच केलं. कागद नियमात बसवला, माणसापर्यंत पोचला की नाही ते बघितलं नाही. मी त्यावर दोन दिवस बोलले होते. मग ते पान फाडून नवं केलं. "दिनांक २० ते ३१ जानेवारी या काळात पक्षकारांचा गैरसमज झाल्याचे मला ठाऊक होते. मी तो दूर केला नाही. कारण: मत्सर." स्वतःच शपथपत्र केल्यावर त्या खटल्यात वकील राहता येत नाही, म्हणून सात घरांची वकिली शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दिली. त्या माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत आणि चांगल्या बोलतात. फारच चांगल्या बोलतात. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि त्यांची एखादी चूक शोधत होते, रविवारी सकाळी तुझ्या लेखात शोधते तशी. म्हणजे रोग गेलेला नाही, फक्त आता त्याचं नाव रेकॉर्डवर आहे.

काल सुनावणी झाली. न्यायमूर्तींनी शपथपत्र वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "हा शब्द टंकलेखनाची चूक आहे का?" बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी उभी राहून म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "इतक्या वर्षांत हे कारण पहिल्यांदा वाचतोय." मग लघुलेखकाला सांगितलं: मत्सर हे वकिलासाठी पुरेसं कारण नाही. परंतु वकिलाच्या दोषाची शिक्षा पक्षकारांना देता येत नाही. विलंब माफ, अपील दाखल, घरांना स्थगिती. आदेशाची प्रत शिस्तपालन समितीकडे. सहा महिने तरी सनद अडकेल असं सगळे म्हणतात. बाररूममध्ये आज मला कुणी तुझी नणंद म्हणून विचारलं नाही. काहीच विचारलं नाही.

घरं वाचली असं समजू नकोस. अपील चालायचं आहे. फक्त आता ऐकून घेतील.

संध्याकाळी मावशींकडे गेले, आदेश वाचून दाखवायला. सगळा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. त्या मशीनवर बसल्या होत्या, हॉस्पिटलच्या चादरींना काठ मारत. त्यांनी मशीन थांबवलं नाही. वाचून झालं तेव्हा विचारलं, "कुणावर जळत होतात?"

मी म्हटलं, "भावजयीवर."

"ती लेख लिहिणारी?"

"हो."

त्यांनी दोरा तोडला. म्हणाल्या, "मग तेव्हाच येऊन सांगायचं होतंत. आम्हाला कळलं असतं. माझी पण भावजय आहे." चादर उलटी केली, पुढचा काठ मशीनखाली घातला. "जळावं माणसाने, वकीलबाई. पण दुसऱ्याचं घर पेटेपर्यंत नाही."

मी आदेशाची प्रत त्यांच्या हातात दिली. दारावर लावली नाही.

तुझी